विहीणबाईंचा समुद्र

शुक्रवारी सकाळी द्रौपदीनं पळीतला आमटीचा थेंब तळहातावर घेतला, चाखला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"मीठ जास्त," विहीणबाईंनी मान डोलावली आणि आमटीत आणखी एक बटाटा चिरून टाकला.

पाच आठवड्यांत बासिलिया मराठीतलं एवढंच शिकल्या होत्या, पण ते अचूक वापरत. सुनेच्या बाळंतपणासाठी द्रौपदी मस्कतमधल्या दार्सैतहून सोहारला आली, त्याच आठवड्यात त्या बोलिव्हियाहून आल्या. त्यांचं गाव एल आल्तो, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंच. तिथे पाणी सत्त्याऐंशी अंशांनाच उकळतं, त्यामुळे बटाटा शिजायला वेळ लागतो. इथे आल्यावर पहिला आठवडा त्यांनी त्याच सवयीनं स्वयंपाक केला आणि घरादारानं सगळं लगदा झालेलं खाल्लं. मग एके दिवशी त्यांनी शेंगदाणे भिजवून वाटले, पाण्यात उकळले, आणि द्रौपदी उडालीच. ही तर दाण्याची आमटी! जगाच्या पार त्या टोकाला कुणीतरी दाण्याची आमटी करतं, हे कळल्यापासून तिची काळजी निम्मी कमी झाली होती.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण बाळंतिणीनं थंड पाणी प्यायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही आणि सव्वा महिन्याच्या आत कॉम्प्युटर उघडायचा नाही, यावर त्यांचं इतकं एकमत होतं, की सून नायरा इंजिनिअर असूनही त्यांच्यापुढे तिचं काही चालत नसे.

एकच गोष्ट द्रौपदीला उलगडली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटच्या गॅलरीतून, दोन इमारतींच्या मधून, समुद्राची निळी पट्टी दिसते. बासिलिया मात्र त्या पट्टीकडे पाठ करून बसत. किनारा गाडीनं पाच मिनिटांवर, पण पाच आठवड्यांत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

"आज संध्याकाळी समुद्रावर?" द्रौपदीनं हातानं लाटा करून विचारलं.

"नो, नो." बासिलियांनी हसून मान हलवली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेल्या. त्यांचं बोट तेवीस तारखेच्या सोमवारावर थांबलं, क्षणभर तिथेच राहिलं, आणि मागे सरकून बावीसवर आलं. तिथे नायरानं लाल पेनानं विमान काढलेलं होतं. मग त्या पुन्हा शेगडीपाशी आल्या.

"वहिनी, चहा आहे की आमटीच प्यायची?" धाकटा दीर प्रेमानंद स्वयंपाकघरात डोकावला. मस्कतला, रुवीतल्या ट्रॅव्हल एजन्सीत त्याची तीस वर्षं गेली होती. ईदची सुट्टी लागली म्हणून काल रात्रीच तो, द्रौपदीचा नवरा दयानंद आणि लेक प्रणाली असे तिघं गाडी घेऊन सोहारला आले होते.

"भावजी, या समुद्राला का घाबरतात हो?"

"टोपी उडेल म्हणून." बासिलियांची तपकिरी गोल टोपी त्यांच्या दोन वेण्यांच्या वर, काही आधार नसताना, दिवसभर बसलेली असे. प्रेमानंदनं ती फार मन लावून न्याहाळली होती. "आपल्याकडे पिना मारूनही पदर जागेवर राहत नाही, आणि यांचं बघा. हे सायन्स आहे, वहिनी."

"तुमचं आपलं काहीतरीच."

पण द्रौपदीच्या डोक्यातून ते बोट जाईना.

*

अकरा वाजता दयानंदनं हॉलच्या मधोमध चटई अंथरली. वीस मार्च. त्यांच्या घरात हा दिवस एकाच रीतीनं पाळला जाई: स्टीलचा तांब्या, त्यात पाणी, आणि ओंजळ.

ही रीत त्यानं स्वतःच घातली होती. चौऱ्याऐंशी साली तो वायरमन म्हणून मस्कतला आला आणि दार्सैतच्या एका खोलीत आठ जणांत राहिला. आठही जण आपल्याकडचे. पहिल्याच वीस मार्चला त्यानं तांब्या भरला आणि सगळ्यांपुढे धरला. दोघं म्हणाले, तहान नाही. ते दोघं पुढे वर्षभर त्याच्या शेजारी झोपले, त्याच्या इस्त्रीनं कपडे इस्त्री केले, पण तहान त्यांना कधी लागली नाही. तेव्हापासून दयानंदच्या घरात नियम होता, की या दिवशी प्रत्येकानं दुसऱ्याच्या ओंजळीत पाणी घालायचं, आणि कुणाच्याही हातचं पाणी नाही म्हणायचं नाही.

"अण्णा, रेवाला पण?" प्रणालीनं विचारलं. ती मस्कतच्या शाळेत गणित शिकवायची आणि वहिनीसाठी दोन वर्षं मोबाईलवर स्पॅनिश शिकत होती.

"घरातलं माणूस आहे ना ती?"

"सव्वीस दिवसांची आहे, अण्णा," नायरा म्हणाली. तिचं मराठी हळू चालायचं, पण पाय घसरायचा नाही. "एक थेंब. उकळलेलं. माझ्या बोटाने."

"मंजूर," दयानंद म्हणाला.

त्यानं दरवर्षीप्रमाणे थोडक्यात सांगितलं. महाडचं चवदार तळं. तिथे गुरं पाणी पीत, कुत्री पीत, आमच्या माणसांना मनाई. एकोणीसशे सत्तावीसला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. माझे आजोबा त्या गर्दीत होते. प्रणाली भाषांतर करत होती. अडली की नायराकडे बघायची, आणि नायरा एखादा शब्द पुरवायची.

दयानंदनं द्रौपदीच्या ओंजळीत पाणी घातलं, द्रौपदीनं प्रेमानंदच्या, त्यानं पुतण्याच्या, रुपेशच्या. रुपेशनं बायकोच्या ओंजळीत घातलं, आणि नायरानं उकळलेल्या पाण्यात बोट बुडवून लेकीच्या ओठाला लावलं. रेवानं तोंड वाकडं केलं. सगळे हसले. मग नायरानं आईच्या ओंजळीत तांब्या ओतला.

बासिलिया प्यायल्या नाहीत. ओंजळ तशीच धरून त्यांनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," प्रणाली म्हणाली, "तळं परत मिळालं का?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दयानंद सावरून बसला.

"मिळालं. पण लगेच नाही म्हणावं. आधी मारहाण झाली, मग त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं, मग कोर्टात केस. दहा वर्षांनी निकाल लागला. आपल्या बाजूनं."

ते ऐकून बासिलिया एका घोटात पाणी प्यायल्या, हात स्कर्टला पुसले आणि बोलायला लागल्या. बोलता बोलता दोन भाषा एकमेकींत मिसळत होत्या. प्रणालीची दमछाक झाली.

"त्यांच्या आईला म्हणे ला पाझच्या मोठ्या चौकात पाय ठेवता यायचा नाही. फुटपाथवरूनसुद्धा चालायचं नाही. आयमारा होती ना, म्हणजे तिथलीच मूळची. क्रांती झाली एकोणीसशे बावन्नला, त्यानंतर मोकळं झालं. आता तर, वन सेकंद, आता सदतीस भाषा सरकारी आहेत आणि दोन झेंडे आहेत. एक जुना तीन रंगांचा, आणि एक आमचा चौकटी-चौकटींचा. दोन्ही सरकारीच."

"दोन झेंडे? मग भांडणं होत असतील," प्रेमानंद म्हणाला.

"होतात म्हणतायत. रोज होतात. फक्त एका दिवशी होत नाहीत." प्रणाली थांबली. "समुद्राच्या दिवशी."

"मामा," नायरा आईला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण रुपेशनं चटकन तिच्याकडे पाहिलं.

बासिलिया थांबल्या नाहीत. बोलिव्हियाला समुद्र होता. अठराशे एकोणऐंशीच्या युद्धात तो किनारा चिलीकडे गेला. तेव्हापासून दर तेवीस मार्चला सगळा देश समुद्रासाठी मोर्चा काढतो. गोरे, आयमारा, केचुआ, शाळेची मुलं, सगळे. त्यांचं नौदलही आहे. ते तितिकाका तळ्यात असतं. त्यांचे यजमान इलारिओ तरुणपणी त्याच नौदलात होते. मरेपर्यंत दर तेवीस मार्चला पांढरी टोपी घालून मोर्चात चालले. समुद्र कधी पाहिला नाही.

"चौक मिळाला," प्रणाली भाषांतर करत म्हणाली. "समुद्र राहिला. दोन हजार अठराला कोर्टाचा निकाल आला. आम्ही चौकात उभं राहून टीव्हीवर ऐकला. विरुद्ध गेला."

मग दयानंदनं पुन्हा तांब्या उचलला आणि रीत नसताना विहीणबाईंच्या ओंजळीत दुसऱ्यांदा पाणी घातलं.

द्रौपदी मात्र कॅलेंडरकडे बघत होती.

*

"तेवीसला जायचं होतं त्यांना समुद्रावर," जेवणं झाल्यावर ती म्हणाली. बासिलिया बाळाला घेऊन आत झोपल्या होत्या. चार हजार मीटरवरून आलेल्या माणसाला इथल्या दाट हवेत फार गाढ झोप लागते. "म्हणून आधी गेल्या नाहीत. आणि आपण बावीसचं तिकीट काढलं! प्रेमानंद भावजी, तुम्हीच काढलंत ना?"

"मला जी तारीख सांगितली ती काढली, वहिनी. माझ्यावर नका ढकलू."

"कोणी सांगितली?"

प्रेमानंदनं छताकडे पाहिलं. रुपेशनं पायाच्या अंगठ्याकडे.

"मी सांगितली," नायरा म्हणाली. "मला माहीत होतं."

तिला वाटलं होतं, आता आवाज चढतील. तिच्या माहेरी चढले असते. पण हे लोक चढवायच्या ऐवजी वाट बघतात, आणि ते जास्त अवघड असतं. तिनं आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग सोडून दिलं.

"आई, मी आठ वर्षांची होते. शाळेत तेवीस मार्चला कविता म्हटली. समुद्र, परत ये. रडले. सगळ्या मुली रडल्या. टीचर म्हणाली, शाब्बास. पप्पा टोपी घालून उभे होते, ते पण रडले." ती क्षणभर थांबली. "मी समुद्र पहिल्यांदा इथे पाहिला. मस्कतला, नोकरीच्या पहिल्या दिवशी. मला काहीच वाटलं नाही. पाणी होतं. आता मी रोज तेच पाणी आत घेते, गाळते, मीठ काढते, सोहारला पाठवते. प्लँटमध्ये सगळे मला विचारतात, बोलिव्हियाचं नौदल कुठे असतं? बाथटबमध्ये? मी पण हसते. आणि मामा तिथे जाणार, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसणार, रडणार. मला ते बघायचं नाही."

"आमच्या प्लँटमध्ये पण विचारतात," रुपेश हळूच म्हणाला. तो अॅल्युमिनियमच्या कारखान्यात होता. "मी सांगतो, तितिकाका बाथटब आठ हजार चौरस किलोमीटरचा आहे."

"तू गप रे," द्रौपदी म्हणाली. मग सुनेकडे वळली. "नायरा, तू त्यांना सांगितलंस का, की तुला त्रास होतो?"

"सांगितलं. आज सकाळी पण. म्हटलं, मामा, या नळाचं पाणी समुद्राचंच आहे. तू पाच आठवडे समुद्रच पितेयस. पुरे की."

"मग?"

"म्हणाली, मीठ काढून घेतलेला समुद्र म्हणजे समुद्र नव्हे."

प्रेमानंद खदखदून हसला. "बरोबर आहे बाईचं! आमटीतून मीठ काढा बघू."

"आणि मग म्हणाली, ठीक आहे, बावीसला जाते. तुझं घर, तुझी तारीख." नायराचा आवाज बारीक झाला. "भांडली असती तर बरं झालं असतं."

"त्या दोघांना तहान नव्हती ना," दयानंद म्हणाला. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तो पुन्हा सांगतोय असं वाटून प्रणालीनं डोळे फिरवले, पण तो वेगळंच बोलला. "त्यांचा राग नंतर गेला माझा. पण तिसरा होता एक, आपल्यातलाच. तो प्याला, पण दाराकडे बघत प्याला. कुणी बाहेरचं बघत नाही ना म्हणून. त्याला ती लाज कुठून आली, याचा विचार मी अजून करतो."

प्रेमानंद हसायचा थांबला. त्या खोलीतला तिसरा माणूस कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी बावीस वर्षांचा होतो, दादा," तो म्हणाला.

"म्हणून तर राग नाही म्हटलं."

नायरानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. सगळे शब्द तिला कळले नसावेत, पण बाकीचं कळलं.

"पण ती रडली तर?" तिनं विचारलं, आणि हा प्रश्न फक्त सासूला होता.

"रडू दे की," द्रौपदी म्हणाली. "समुद्राला खाऱ्या पाण्याचं काय कौतुक?"

नायराला हसू आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि चुलतसासऱ्यालाच थेट विचारलं, "काका, तारीख बदलेल?"

"ईदची गर्दी आहे. दोहा फुल, साव पावलो फुल." प्रेमानंद फोन काढून गॅलरीत गेला. तिथून कुणा मुजम्मिलशी अर्धा तास हिंदीत गोड बोलणं, मग धमकावणं, मग पुन्हा गोड बोलणं ऐकू आलं. परत आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"मंगळवार. खिडकीची सीट. खलास." त्यानं पंखा वाढवला. "आता मला कुणीतरी चहा द्या. आणि तो दाराकडे न बघता पितो की नाही, ते दादा, तू बघत बस."

*

सोमवारी सकाळी साडेपाचला सगळे किनाऱ्यावर होते. सोहारचा समुद्र पूर्वेला; सूर्य पाण्यातूनच वर येतो.

बासिलियांनी ठेवणीतला जांभळा घेरदार स्कर्ट घातला होता, आतून पाच परकर. वाळू संपून ओली जागा सुरू झाली तिथे त्या थांबल्या, बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवले, मग डोक्यावरची गोल टोपी काढून द्रौपदीच्या हातात दिली. वारा होता. हातातून उडेल म्हणून द्रौपदीनं ती आपल्याच डोक्यावर, पदराच्या वर, दाबून बसवली.

"आई!" प्रणालीनं फोटो काढलाच. "ओ माय गॉड, तुला सूट होते."

"काढ फोटो, काढ. गावाला पाठव. म्हणावं, म्हातारी साहेब झाली."

बासिलियांनी पिशवीतून कापडाची घडी काढली. आत नौदलाची पांढरी टोपी होती, कडेला पिवळी पडलेली. ती त्यांनी रेवाच्या डोक्यावर ठेवली. टोपी इतकी मोठी, की बाळ नाकापर्यंत आत गेलं आणि आतल्या अंधारात एकदम शांत झालं.

पाण्यात जाळं ओढणारा एक ओमानी माणूस हे सगळं बघत होता. न राहवून तो जवळ आला. नाव नबील म्हणाला. दयानंदनं त्याला चाळीस वर्षांच्या मोडक्या अरबीत सांगितलं, की या बाईंच्या देशाला समुद्र नाही.

"अजिबात नाही?" नबीलला ते पटेना. "मग मासे?"

"तळ्यातले."

नबीलनं फार दुःखानं मान हलवली. "या अल्ला." मग बासिलियांना पाण्याकडे हात करून म्हणाला, "तफद्दली." या. घरात पाहुण्यांना म्हणतात तसं.

बासिलिया आत गेल्या. घोटे, पोटऱ्या, गुडघे. परकर फुगून पाण्यावर जांभळ्या फुलासारखे पसरले. नायरा काठावर उभी होती आणि आई आता बसेल, आता रडेल, याची वाट बघत होती. आई बसली नाही. सूर्य अर्धा वर आला तेव्हा तिनं फक्त नावं सांगितली, मोठ्यानं, मोर्चात हजेरी देतात तसं: नवऱ्याचं, मग आईचं, मग स्वतःचं. मग तिनं ओंजळ भरली, एक घोट घेतला, आणि वळून द्रौपदीला मराठीत म्हणाली,

"मीठ जास्त!"

हसण्यानं नबीलच्या जाळ्यावरचे बगळे उडाले. पण बासिलियांचं संपलं नव्हतं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, जपून, अंगठे जुळवून, आणि पाण्यातून चालत दयानंदपुढे येऊन उभ्या राहिल्या. ओंजळ पुढे केली.

दयानंदच्या लक्षात यायला क्षणभर लागला. शुक्रवारी त्यांनी जे पाहिलं, त्यातून त्यांनी एवढं घेतलं होतं: या घरात, पाणी मिळालं की सगळ्यांना पाजायचं.

"अण्णा, प्लीज, बीपी," प्रणाली कुजबुजली.

"कुणाच्याही हातचं," दयानंद म्हणाला, आणि वाकून प्यायला. त्याचा चेहरा रेवासारखा झाला. मग द्रौपदी प्यायली, टोपी एका हातानं धरून. रुपेश प्यायला आणि खोकला. प्रेमानंदनं ओंजळीपुढे वाकण्याआधी मुद्दाम डावीकडे, उजवीकडे, नबीलकडे आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे सावकाश बघून घेतलं, सगळे बघतायत याची खात्री केली, आणि आवाज करत प्यायला. दयानंदनं भावाच्या पाठीत एक धपका घातला.

नायरा शेवटची. बासिलिया तिच्यापुढे आल्या तेव्हा ओंजळीत थोडंच पाणी उरलं होतं. या पाण्याचा खारटपणा तिला तोंडपाठ होता, लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात थोडा वाढतो. तीन वर्षं रोज सकाळी ती तो आकडा लिहायची. चव कधी घेतली नव्हती.

आईनं ओंजळ पुढे केली. अंगठे अजून घट्ट जुळलेले होते.

"मामा, थांब," नायरा म्हणाली. "हे कमी आहे."

तिनं चपला काढल्या, आईचं मनगट धरलं आणि तिला घेऊन पुन्हा पाण्यात गेली.